सात रांजण

सज्जन माणसाला चोराविषयी इतके कुतूहल का असावे, हे कोडे मला कधीच पुरते उलगडलेले नाही. ज्या घरात शेजाऱ्याचे वर्तमानपत्रदेखील विचारल्यावाचून कोणी उघडीत नाही, त्याच घरात स्वतःचे वर्तमानपत्र आले की पहिली दृष्टी जाते ती दरोड्याच्या बातमीकडे. अर्थसंकल्प, परिषदा आणि व्याख्याने चहा निवेपर्यंत थांबू शकतात. तिजोरी कशी फोडली आणि चोर कोणत्या वाटेने पसार झाला, हे मात्र पहिल्या घोटाबरोबर वाचले जाते. वाचून झाल्यावर "काय दिवस आले आहेत!" असा उद्गार काढला, की खुंटीवर अडकवून ठेवलेला सज्जनपणाचा अंगरखा आपण पुन्हा अंगात घालतो आणि कचेरीला जातो.

आमच्या वाङ्मयाने हे कुतूहल कधी लपवून ठेवले नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला शर्विलक पाहा. चारुदत्ताच्या घरी चोरी करावयास आलेला हा ब्राह्मण भिंतीपुढे उभा राहून आधी विचार करतो तो भोकाच्या आकाराचा. कमळासारखे पाडावे, सूर्यासारखे, चंद्रकोरीसारखे, की पूर्णकुंभासारखे? सकाळी लोकांनी पाहिले तर कारागिराचे नाव निघाले पाहिजे! मापाची दोरी आणावयाची राहिली, तर गळ्यातले जानवे त्याच्या कामी येते. देवलांनी हे नाटक मराठीत आणल्यापासून किती पापभीरू गृहस्थांनी या चोराला मनापासून दाद दिली असेल! पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांतला काळापहाड कायद्याच्या पलीकडे राहूनच वाचकांचा लाडका झाला. पाठ्यपुस्तकाच्या आड अर्नाळकर वाचणारी मुले पुढे हेडमास्तर झाली, न्यायाधीश झाली आणि यथाकाल आजोबाही झाली.

त्याच आजोबांपैकी कित्येकांना आज आपल्या नातवंडांच्या एका खेळाने अस्वस्थ केले आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हे त्या खेळाचे नाव. मुले लाडाने त्याला 'जीटीए' म्हणतात. नावाचा अर्थच मुळी मोटारचोरी असा आहे. पडद्यावर एक अवाढव्य शहर असते. खेळणाऱ्याने त्यातला एक गुंड व्हावयाचे, रस्त्यातली वाटेल ती मोटार मालकाला खाली ओढून पळवावयाची, टोळीच्या म्होरक्यांची कामे करावयाची, गोळ्या झाडावयाच्या आणि पोलिसांना हुलकावणी द्यावयाची. एखाद्या घरात हा खेळ चालू असताना वडील माणसाने सहज डोकावावे आणि पाहावे ते काय, तर आपला चिरंजीव एका वृद्धेला मोटारीखाली घालून शांतपणे पुढे चालला आहे! अशा वेळी संताप येऊ नये तर काय व्हावे?

या खेळाच्या जन्माची हकीगत मोठी मासलेवाईक आहे. 1997 साली स्कॉटलंडातील डंडी या गावच्या डीएमए डिझाइन नावाच्या कंपनीने तो काढला. मूळ बेतात खेळणाऱ्याला पोलीसही होता येणार होते. परंतु तांबडा दिवा लागला की थांबणारा आणि पादचाऱ्याला जपून गाडी हाकणारा पोलीस होण्यात कोणालाच मौज वाटेना. शेवटी चोराची बाजू तेवढी राहिली आणि पोलीस उरला तो पाठलागापुरता. बाजारात येण्याच्या अगोदरच, त्या वर्षीच्या मे महिन्यात, ब्रिटनच्या लॉर्ड्स सभेत या खेळाविषयी चिंतेचे सूर निघाले. प्रसिद्धीच्या धंद्यात मुरलेल्या मॅक्स क्लिफर्डला कंपनीने हाताशी धरले होते, आणि लोकांचा राग हीच त्याच्या दृष्टीने फुकटची जाहिरात होती. निषेधाची सभा भरवावी आणि दारावरची तिकिटे दुसऱ्याच कोणी विकावीत, तसा तो प्रकार झाला. 2013 च्या सप्टेंबरात या मालिकेतला पाचवा खेळ निघाला. त्याची पहिल्या 3 दिवसांतली विक्री 100 कोटी डॉलरांवर गेली, आणि आजवर त्याच्या 20 कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. इतकी माणसे मोटारचोर व्हावयास निघाली असती, तर जगात एकही मोटार जागेवर राहिली नसती.

वाद अर्थातच थांबला नाही. मुलांना हिंसक खेळ विकण्यास बंदी करणारा कॅलिफोर्निया संस्थानाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली 7 विरुद्ध 2 मतांनी रद्द ठरवला. बहुमताचा निकाल लिहिताना न्यायमूर्ती स्कालिया यांनी ग्रिमबंधूंच्या परीकथांची आठवण करून दिली. भट्टीत ढकलली जाणारी चेटकीण आणि फोडले जाणारे डोळे आपण लेकरांना अंथरुणात सांगतच आलो आहोत, असा त्यांचा रोख होता. युक्तिवाद तर्काला धरून आहे. माझे समाधान मात्र त्याने पुरते होत नाही. चेटकिणीच्या गोष्टीत सांगणारी आजी शेजारी बसलेली असते. या खेळाच्या शेजारी कोण बसलेले असते?

हा खेळ मी पहिल्याने नीट पाहिला तो मार्कंड्याला. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी हे तीर्थ आहे. दक्षिणेकडे निघालेली नदी येथे वळण घेऊन काही अंतर उत्तरेला वाहते, म्हणून भाविक याला विदर्भाची काशी म्हणतात, आणि देवळांच्या भिंतींवरील शिल्पे पाहून रसिक याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. एका यात्रेला मी नागपुराहून बहिणीकडे गेलो होतो. स्नान आणि दर्शन आटोपून मंडळी फुटाणे-रेवड्यांच्या दुकानांकडे पांगली. मी आणि बहिणीचा नातू नदीकाठच्या सावलीत बसलो. मुलगा नववीत शिकणारा, बोलण्यात मर्यादशील. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि थोडे अंग चोरूनच खेळ सुरू केला. तो होता 'व्हाइस सिटी', म्हणजे दुर्गुणांची नगरी. 2002 साली निघालेल्या या खेळातले शहर 1986 च्या मायामीवर बेतलेले आहे. कधी काळी आमच्याकडच्या सायबर कॅफेंत मुले तासावर पैसे भरून हाच खेळ खेळत, आणि आता तो तळहातावर आला आहे.

मी बिचकलो नाही. "मलाही दाखव," म्हटले. मग त्याने जे दाखवले, ते माझ्या अपेक्षेपेक्षा निराळे होते. त्याने एक मोटार पळवली हे खरे. पण त्यानंतर बराच वेळ तो नुसता हिंडत राहिला. रेडिओवर गाणे लागले, दोन्ही बाजूंनी ताडामाडांची झाडे मागे पळू लागली, संध्याकाळ झाली, दिवे लागले. एका चौकात तांबडा दिवा पाहून तो चक्क थांबला. डंडीच्या कारागिरांना जो पोलीस कंटाळवाणा वाटला, तो या मुलाने आपल्या खुशीने पुन्हा जिवंत केला होता! शेवटी त्याने गाडी वाळूवर नेऊन उभी केली आणि म्हणाला, "आबाजी, हा समुद्र पाहा जी."

त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. जेथे आगगाडीचे स्थानक म्हणून वर्षानुवर्षे एकट्या वडशाचेच नाव घेतले जाई, अशा जिल्ह्यातला हा मुलगा. धानाचे बांध, मोहाची झाडे, शाळा आणि चामोर्शीचा बाजार एवढी त्याची पृथ्वी. तीत जेथे जावे तेथे, "कोणाचा रे तू?" असे विचारणारे कोणी तरी भेटतेच. पडद्यावरच्या नगरीत हा प्रश्न विचारणारा कोणी नाही. वाटेल त्या वाटेने जावे, वाटेल तेव्हा परतावे. त्या क्षणी मला वाटले, की या खेळाच्या मोहिनीत गुन्ह्याचा वाटा आपण समजतो तेवढा मोठा नाही. तरुणपणी घर सोडून दूर कोठे तरी अनोळखी शहरात हिंडावे, ही ओढ गुन्ह्याहून जुनी आहे. मोटारचोरी हे त्या शहराचे फक्त प्रवेशद्वार आहे.

परंतु एवढ्यावरच थांबलो, तर मी खेळाचा वकील ठरेन. थोड्या वेळाने मुलाच्या हातून एक माणूस मोटारीखाली आला. पडद्याच्या कोपऱ्यात तारा उमटला आणि पोलिसांची गाडी मागे लागली. मी विचारले, "आता रे?" तो हसला. त्याने गाडी एका कारखान्यात घातली. दार मिटले, दार उघडले, गाडीला नवा रंग लागला होता आणि पोलीस सारे विसरून गेले होते. समोर शेकडो माणसे वैनगंगेत बुड्या मारून पाप धूत होती. त्यांच्याकडे एकवार पाहून मी म्हटले, "यांनासुद्धा इतक्या स्वस्तात सुटका मिळत नाही, बाबू. आधी चतुर्दशीचा उपास करावा लागतो." पुढे त्याचा नायकही पोलिसांच्या गोळीने पडला. मी पुन्हा विचारले, "मेला ना?" तो म्हणाला, "मेला तरी काई होत नाई जी. दवाखान्याच्या दारातून पुन्हा निघते. शंभर डॉलर कटते फक्त."

ज्या जागी आम्ही बसलो होतो, तिची कथा अशी, की मार्कंडेयाला आयुष्य मिळाले होते अवघे 16 वर्षांचे. मुदत भरली, यमाने पाश टाकला आणि त्या मुलाने शिवाच्या पिंडीला घट्ट मिठी मारली. काळाला मागे फिरवण्यासाठी प्रत्यक्ष देवाला पिंडीतून बाहेर यावे लागले. पुराणातही मरण इतके महाग आहे! आणि तेथेच, त्या मुलाहून वर्षा-दोन वर्षांनी लहान असलेल्या दुसऱ्या मुलाच्या तळहातावर मरणाचा भाव 100 डॉलर होता.

गडचिरोली हा मरणाविषयी अजाण राहू शकेल असा मुलूख नव्हे. 1980 नंतरची चार दशके या जंगलांनी बंदुकीचा आवाज ऐकला. 2019 च्या 1 मे रोजी, महाराष्ट्रदिनीच, जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस आणि त्यांचा वाहनचालक ठार झाले. 2025 च्या ऑक्टोबरात मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने 60 सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा कोठे लोकांनी मोकळा श्वास घेतला. मी मुलाला सहज म्हटले, "तुमच्याकडे खऱ्या बंदुका कमी झाल्या म्हणून या खोट्या लागतात काय?" तो गप्प झाला. मग आवाज उतरवून त्याने आपल्या वर्गातल्या एका मुलाविषयी सांगितले. त्याच्या वडिलांना एका रात्री घरातून उठवून नेले होते, आणि सकाळी ते गावाबाहेरच्या वाटेवर सापडले. तो मुलगा डबा एकटाच खातो, एवढेच शेवटी तो बोलला. ज्या तोंडाने त्याने "काई होत नाई जी" म्हटले होते, त्याच तोंडातून हा दुसरा आवाज निघाला होता. खोटे मरण आणि खरे मरण यांतला भेद त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. खेळात पडणाऱ्या माणसाला मुलगा नसतो, आणि त्या मुलाला एकट्याने डबा खावा लागत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. ज्यांनी खरे मरण फक्त बातमीत वाचले आहे, अशा आपल्या शहरी मुलांची मला त्याच्याहून अधिक काळजी वाटू लागली.

बिनावारसाची माणसे, हाच या खेळाचा खरा पाया आहे. रस्त्यावर चालणाऱ्या त्या गर्दीला चेहरे आहेत, कपडे आहेत, ओरडण्यापुरता आवाजही आहे, फक्त नाव नाही. 2003 साली याच 'व्हाइस सिटी'तल्या हैतियन टोळीविषयीच्या एका वाक्याने अमेरिकेतील हैतियन लोक खवळून उठले, कारण ते वाक्य त्या साऱ्यांना ठार मारण्याची भाषा बोलत होते. कंपनीला ते काढून टाकण्याचे मान्य करावे लागले. मला वाटते, या खेळावर घेतलेल्या सर्व आक्षेपांत हा आक्षेप सर्वांत खरा होता. लॉर्डांनी घेतला तो नीतीच्या वतीने, आईबापांनी घेतला तो मुलांच्या वतीने. हे लोक मात्र पडद्यावरच्या गर्दीतून पुढे आले आणि म्हणाले, की गोळी घातली जात आहे ते आम्ही आहोत.

झाडीपट्टीच्या नाटकांची या संदर्भात मला वारंवार आठवण होते. धानाची कापणी झाली की या भागातल्या गावोगावी मंडप उभे राहतात, वडशाच्या कंपन्या येतात आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. त्यांतही खलनायक असतो, बलात्कार असतो, खून असतो. खलनायक रंगमंचावर आला की प्रेक्षकांना असे काही स्फुरण चढते, की नायकाला त्याचा हेवा वाटावा. पण ते दुष्कृत्य हजार माणसे मिळून पाहतात. एखादी म्हातारी मोठ्याने शिव्या देते, एखादे मूल आईच्या कुशीत तोंड लपवते, आणि दुसऱ्या दिवशी पारावर त्या खलनायकाचा निवाडा पुन्हा एकदा होतो. वाईटाचे आकर्षण तेथेही आहे, परंतु त्याला साक्षीदार आहेत. मार्कंड्याच्या देवळांवरही देव आणि अप्सरा, व्याल आणि प्रणयी युगुले एकाच भिंतीवर नांदतात. त्यांना कोणी अनीतिमान म्हणत नाही, कारण माणूस ती भिंत चार लोकांबरोबर, प्रदक्षिणेच्या वाटेवर पाहतो, आणि पाहून झाले की गाभाऱ्यात जातो.

'व्हाइस सिटी'त एक जागा अशी आहे, जेथे आपल्या पराक्रमाचा हिशेब पाहावयास मिळतो. किती मोटारी फोडल्या, किती माणसे मारली, यांचे आकडे तेथे ओळीने मांडलेले असतात, आणि त्यावरून गुन्हेगारीतली एक पदवीही मिळते. मुलाने मोठ्या अभिमानाने तो हिशेब उघडला, तेव्हा मला लहानपणी ऐकलेला वाल्या कोळी आठवला. वाटसरूला मारले की तो रांजणात एक खडा टाकी. असे सात रांजण भरले, तोपर्यंत त्याला काहीच वाटले नाही. उलट रांजण भरत चालल्याचे समाधानच वाटत असले पाहिजे. मोजणी ही अशीच चीज आहे. मोजू लागले की माणसाचा खडा होतो.

पण वाल्याच्या कथेत नारद आला. त्याने वाल्याच्या हातची कुऱ्हाड हिसकली नाही, की रांजण फोडले नाहीत. त्याने इतकेच विचारले, की ज्यांच्यासाठी हे करतोस, ते या पापाचे वाटेकरी होतील का? वाल्या घरी गेला, बायकोला विचारले, मुलांना विचारले, आणि कोणीच होकार दिला नाही. वाल्याचा वाल्मीकी झाला तो या उत्तरामुळे. 'व्हाइस सिटी'च्या नायकाला असे घर नाही. तो वाडे विकत घेतो, पण घरी परतून कोणाला काही विचारावे असे त्याला माणूसच नाही. खेळाच्या कर्त्यांनी सात रांजण मात्र दिले, आणि खडेही मुबलक दिले. नारद तेवढा त्यांनी पाठवला नाही. तो पाठवणे त्यांच्या धंद्यात बसत नाही, आणि त्यासाठी त्यांच्यावर रागावण्यातही फारसा अर्थ नाही.

नारदाचे काम घरातल्या माणसाला करावे लागणार. मोबाइल हिसकून घेणे सोपे असते, कारण त्याला एक क्षण पुरतो. प्रश्न विचारण्याला वेळ लागतो. हा मेलेला माणूस कोठे चालला होता, त्याच्या घरी कोण वाट पाहत असेल, आणि तू त्या तांबड्या दिव्यापाशी का थांबलास, असे हलक्या आवाजात विचारावयाचे तर आधी शेजारी बसावे लागते. तो कर्कश रेडिओ ऐकावा लागतो आणि तो समुद्रही पाहावा लागतो. वाल्या घरी विचारावयास गेला, तेव्हा नारद पळून जाईल या भीतीने त्याने त्याला झाडाला बांधून ठेवले होते, असे आमची आजी सांगे. नारदाने त्याविषयी तक्रार केली नाही. उत्तर घेऊन तो परत येईपर्यंत नारद तेथेच, बांधलेला, वाट पाहत उभा राहिला.